सोबतीचे प्राणी, सोबतीचे जिवाणू : प्रस्तावना

कुत्रा घरात येतो तेव्हा तो एकटा येत नाही. त्याच्या तोंडात, कातडीवर, कानांत आणि आतड्यांत जिवाणूंच्या वस्त्या असतात; त्याही त्याच्याबरोबर उंबरा ओलांडून आत येतात. मांजर, ससा, पोपट, कासव यांचेही असेच. फ्लॉइड ड्यूहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कुत्र्याच्या तोंडातील जिवाणूंची एक यादी प्रसिद्ध केली. तीत ३५३ प्रकार होते आणि त्यांतल्या सुमारे ८० टक्के प्रकारांना तोवर नावही मिळालेले नव्हते. माणसाच्या तोंडातील जिवाणूंशी ही यादी ताडून पाहिली, तर दोहोंत सामाईक असे जेमतेम १६ टक्के निघाले. हजारो वर्षे माणसाच्या दाराशी राहिलेल्या, त्याच्या हातचे खाल्लेल्या प्राण्याच्या तोंडात कोण राहते, याची इतकी बारकाईने नोंद व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

या उशिराचे कारण साधे आहे. जिवाणू ओळखायचा तर तो आधी प्रयोगशाळेत वाढवावा लागे. रॉबर्ट कॉख यांच्या काळापासून, म्हणजे १८८०च्या दशकापासून, हीच रीत चालत आली. नमुना अगरच्या जेलीसारख्या थरावर पसरायचा, उबेत ठेवायचा, वसाहती उमटल्या की त्यांचा रंग-आकार पाहायचा, ग्रॅमच्या रंगाने कोणता रंग धरतो ते तपासायचे, कोणती साखर पचवतो ते पाहायचे आणि मग नाव द्यायचे. ही पद्धत आजही रोगनिदानाचा कणा आहे. कोणते औषध लागू पडेल हे तपासण्यासाठी जिवंत, वाढता जिवाणूच हाताशी असावा लागतो. पण जो जिवाणू अगरवर रुजतच नाही, किंवा रुजायला आठवडे घेतो, तो या पद्धतीत नजरेआड राहतो. जनुकांचे वाचन करण्याचे तंत्र, ज्याला आता सगळेच सिक्वेन्सिंग म्हणतात, हाती आले आणि जिवाणू न वाढवताही त्याची ओळख पटवता येऊ लागली. हे पुस्तक त्या तंत्राविषयी आहे आणि त्याने आपल्या घरातल्या प्राण्यांविषयी जे दाखवून दिले त्याविषयी आहे.

या पुस्तकाची गरज मला वाटली ती दोन टोकांच्या समजुतींमुळे. एका टोकाला ‘कुत्र्याची जीभ औषधी असते’ असे म्हणत उघडी जखम त्याला चाटू देणारे लोक आहेत. दुसऱ्या टोकाला, घरात बाळ येणार असे कळले किंवा कुणाला ताप आला, की मांजर पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येणारे आहेत. पहिल्यांना धोका दिसत नाही आणि दुसऱ्यांना धोक्याशिवाय काही दिसत नाही. दोघांचेही अडते ते एकाच ठिकाणी: नेमका कोणता जिवाणू, तो कुठून कुठे जातो, कुणाला त्रास देतो आणि कशाने थांबतो, हे त्यांना ठाऊक नसते. जिवाणूचे खरे नाव कळले की भीती योग्य तेवढीच उरते. मग प्राणी घराबाहेर काढावा लागत नाही आणि माणूसही आजारी पडत नाही. पुढची सगळी प्रकरणे या एका म्हणण्याभोवती लिहिली आहेत.

आता तंत्राकडे वळू. प्रत्येक जिवाणूच्या पेशीत प्रथिने बनवणारी रायबोसोम नावाची यंत्रणा असते. तिच्या लहान भागात आरएनएचा एक धागा असतो, त्याला १६-एस म्हणतात. तो धागा ज्या जनुकावरून उतरतो, ते जनुक सुमारे १,५०० अक्षरांचे असते. ही अक्षरे म्हणजे डीएनएचे चार घटक: ए, टी, जी आणि सी. प्रथिने बनवणे हे काम इतके मूलभूत आहे की या जनुकात फार फेरफार झाले तर पेशी जगतच नाही. म्हणून त्याचे काही भाग जवळजवळ सर्व जिवाणूंत सारखे राहिले आहेत. त्यांच्या मधल्या नऊ भागांत मात्र कोट्यवधी वर्षांत बदल साठत गेले आणि ते प्रत्येक कुळात वेगळे आहेत. भजनात धृपद सगळ्यांच्या तोंडी तेच असावे आणि कडवी मात्र ज्याची त्याची निराळी असावीत, तशी या जनुकाची रचना आहे. सारख्या भागांना पकडून जनुक शोधता येते आणि बदलत्या भागांवरून ते कुणाचे आहे हे सांगता येते.

या धाग्याचे मोल सर्वांत आधी ओळखले ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या कार्ल वूझ यांनी. १९७७ मध्ये त्यांनी जॉर्ज फॉक्स यांच्यासह रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून दाखवले की, जिवाणूंसारखेच दिसणारे काही सूक्ष्मजीव मुळात वेगळ्याच शाखेचे आहेत. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक सँगर यांनी डीएनएचे अक्षर-अक्षर वाचण्याची पद्धत मांडली. तिच्यासाठी त्यांना १९८० मध्ये रसायनशास्त्राचे दुसरे नोबेल मिळाले. पुढे १९८३ मध्ये कॅरी मलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली आणि डीएनएच्या थोड्याशा प्रतींपासून कोट्यवधी प्रती करता येऊ लागल्या. पीसीआरच्या उष्णतेत टिकणारे विकर (एन्झाइम) मिळाले तेही एका जिवाणूकडूनच. यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांजवळ थॉमस ब्रॉक यांना १९६०च्या दशकात सापडलेला थर्मस अॅक्वाटिकस हा तो जिवाणू. वूझ यांचे जनुक, मलिस यांच्या प्रती आणि सँगर यांचे वाचन एकत्र आले, तेव्हा कोणत्याही नमुन्यातील जिवाणूला ‘तू कोण’ असे विचारण्याची सोय झाली.

प्रत्यक्षात काम असे चालते. पशुवैद्य कुत्र्याच्या हिरडीवरून, कानातून किंवा जखमेतून स्वॅब घेतात. प्रयोगशाळेत पेशी फोडून त्यातला डीएनए वेगळा काढतात. पीसीआरने १६-एस जनुकाच्या प्रती वाढवतात. एकाच जिवाणूची शुद्ध वसाहत हाती असेल तर सँगरच्या पद्धतीने एकच वाचन पुरते. नमुन्यात शेकडो प्रकार मिसळलेले असतील तर लाखो तुकडे एकाच वेळी वाचणारी नवी यंत्रे लागतात. वाचलेली अक्षरे जेनबँक किंवा सिल्वासारख्या सार्वजनिक संग्रहांतील नोंदींशी संगणकावर ताडून पाहतात. जुळणी साधारण ९८.७ टक्क्यांच्या खाली गेली तर जिवाणू वेगळ्या जातीचा असण्याची दाट शक्यता मानतात. त्याहून जास्त जुळली तर जात तीच असेल, पण तेवढ्यावर खात्री देता येत नाही. हा शेवटचा मुद्दा वाचकाने ध्यानात ठेवावा, त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

हे तंत्र काय करू शकते, हे मांजराच्या ओरखड्याच्या तापाच्या इतिहासात सर्वांत स्वच्छ दिसते. मांजराने बोचकारल्यावर काही दिवसांनी तिथे लहान पुटकुळी येते, मग काखेत किंवा मानेत अवधाण येते, अंगात बारीक ताप राहतो. लहान मुलांत हा आजार जास्त दिसतो. पॅरिसमध्ये रोबेर दब्रे यांनी १९५० मध्ये त्याचे वर्णन केले. कारण मात्र कुणाला सापडेना. कुणी विषाणूवर संशय घेतला, कुणी क्लॅमिडियावर. गाठीतला पू अगरवर लावला तर बहुधा काहीच उगवत नसे. १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या पॅथॉलॉजी संस्थेतील संशोधकांनी चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या गाठींच्या कापांत बारीक काठ्यांसारखे जिवाणू पाहिले. पुढे त्यांनी एक जिवाणू वाढवलाही आणि १९९१ मध्ये त्याला अफिपिया फेलिस असे नाव मिळाले. प्रश्न सुटला असे वाटले, पण बहुतेक रुग्णांत हा जिवाणू सापडतच नव्हता.

उत्तर आले ते वेगळ्याच वाटेने. १९८०च्या दशकात एड्सच्या रुग्णांच्या कातडीवर लालसर, रक्ताने भरलेल्या गाठी दिसू लागल्या होत्या. त्यांच्यातही चांदीच्या रंगात तसेच बारीक जिवाणू दिसत आणि तेही वाढवता येत नव्हते. स्टॅनफर्डमधील डेव्हिड रेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणू वाढवण्याचा नाद सोडला. त्यांनी गाठीच्या उतीतूनच १६-एस जनुकाचा तुकडा काढला, वाढवला आणि वाचला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने सांगितले की, हा जिवाणू पहिल्या महायुद्धातील खंदकांत उवांमुळे पसरलेल्या तापाच्या जिवाणूचा जवळचा नातेवाईक आहे. तोवर त्या दोन आजारांचा एकमेकांशी संबंध असेल असे कुणालाही वाटले नव्हते. १९९२ मध्ये हा जिवाणू रुग्णांच्या रक्तातून वाढवण्यात आला. ओक्लाहोमातील तंत्रज्ञ डायान हेन्सेल यांच्या नावावरून त्याच्या जातीला हेन्सेली हे नाव मिळाले आणि १९९३ मध्ये त्याचे कुळ बार्टोनेला ठरले.

मग धागे भराभर जुळत गेले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातील संशोधकांना मांजराच्या ओरखड्याचा ताप आलेल्या बहुसंख्य रुग्णांच्या रक्तात याच जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. एका पाळीव मांजराच्या रक्तातूनही तो वाढला. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ६१ मांजरांचे रक्त तपासले, तर २५ मांजरांच्या रक्तात बार्टोनेला होता आणि ती मांजरे दिसायला ठणठणीत होती. १९९६ मध्ये ब्रुनो शोमेल यांच्या गटाने दाखवून दिले की, मांजराकडून मांजराकडे हा जिवाणू जातो तो पिसवांमुळे. पिसवेची विष्ठा मांजराच्या नखांत अडकते आणि ओरखड्यातून माणसाच्या कातडीत शिरते. चार दशके अडलेला प्रश्न एका जनुकाच्या वाचनानंतर सहा वर्षांत पिसवेपर्यंत येऊन पोचला.

या शोधाचा घरातला अर्थ काय, ते पाहा. मूळ पिसवा असतील तर उपायही पिसवांवरच करायचा. मांजराला नियमित पिसवानाशक द्यायचे, पिल्लाशी दांडगाई करायची नाही, बोचकारले तर लगेच साबणाने धुवायचे. ज्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली आहे त्यांनी नवे पिल्लू आणण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलायचे. निरोगी माणसात हा ताप बहुधा आपोआप ओसरतो. मांजराला हाकलायचे कारण यात कुठेही नाही. नाव कळल्यावर भीती योग्य मापाची होते असे मी वर म्हटले, त्याचा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही.

कुत्र्याच्या तोंडातील कॅप्नोसायटोफॅगा कॅनिमॉर्सस हा दुसरा असाच जिवाणू. माणसातला त्याचा पहिला रुग्ण १९७६ मध्ये नोंदला गेला. त्यानंतर बरीच वर्षे त्याला नाव नव्हते, डीएफ-२ एवढी खूण होती. नाव मिळाले १९८९ मध्ये. निरोगी कुत्र्यांच्या लाळेत तो सहज आढळतो आणि बहुतेक माणसांना त्याचा काही त्रास होत नाही. पण ज्यांची प्लीहा काढून टाकली आहे, किंवा अतिमद्यपानाने ज्यांचे यकृत खराब झाले आहे, त्यांच्या रक्तात तो शिरला तर काही दिवसांत जीव धोक्यात येतो. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातून जिवाणू वाढवण्याच्या तपासणीत, तो सावकाश वाढतो, म्हणून १६-एस वाचनाने त्याची ओळख लवकर पटणे मोलाचे ठरते. प्लीहा काढलेल्या रुग्णाने कुत्रा चावल्याचे, किंवा नुसता जखमेवर चाटल्याचेही, डॉक्टरांना आपणहून सांगितले पाहिजे.

चाव्याच्या जखमेत एकच जिवाणू असतो अशीही समजूत आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्याच्या चाव्याच्या ५० आणि मांजराच्या चाव्याच्या ५७ चिघळलेल्या जखमा तपासल्या होत्या. दर जखमेत साधारणपणे पाच प्रकारचे जिवाणू निघाले. पाश्च्युरेला कुळातील जिवाणू कुत्र्याच्या निम्म्या आणि मांजराच्या पाऊण जखमांत होते. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात आणि वरून जखम बारीक दिसते, म्हणून ती दुर्लक्षित राहते. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. कुत्रा किंवा मांजर चावले तर आपल्या देशात पहिला विचार रेबीजचा करायचा. रेबीज हा विषाणूमुळे होतो, जिवाणूमुळे नाही, आणि या पुस्तकातील कोणतीही तपासणी त्याच्या लसीची जागा घेऊ शकत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. जिवाणू कोणता हा प्रश्न त्यानंतरचा.

आता मघाशी राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे येतो. १६-एस सगळ्यांची ओळख सारख्याच नेमकेपणाने पटवत नाही. कुत्र्याच्या कातडीवर आणि नाकपुड्यांत राहणारा स्टॅफिलोकोकस स्युडइंटरमिडियस घ्या. खाज सुटलेली कातडी, पुटकुळ्या, वाहणारा कान, शस्त्रक्रियेनंतर चिघळलेले टाके, या सगळ्यांत तो पुढे असतो. १९७६ पासून त्याला स्टॅफिलोकोकस इंटरमिडियस समजले जात होते. स्युडइंटरमिडियस ही वेगळी जात असल्याचे २००५ मध्ये मांडले गेले आणि दोन वर्षांनी अनेक जनुकांची एकत्रित तुलना झाल्यावर कळले की कुत्र्यांतले नमुने या नव्या जातीचेच होते. या जवळच्या भाऊबंदांचे १६-एस इतके सारखे आहे की त्यावरून त्यांना वेगळे करता येत नाही. त्यासाठी दुसरी, जास्त वेगाने बदलणारी जनुके वाचावी लागतात. माणसाच्या जखमेत हा जिवाणू निघाला की जुन्या चाचण्यांत तो अनेकदा स्टॅफिलोकोकस ऑरियस म्हणून नोंदला जाई. तो कुत्र्याकडून आला आहे हे कळण्याचा मार्गच त्यामुळे बंद होत असे. ई. कोलाय आणि शिगेला यांचीही अडचण तीच आहे. नुसत्या १६-एसवरून त्यांना निराळे सांगता येत नाही.

जिथे १६-एस अपुरे पडते तिथे संपूर्ण जीनोम, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए, वाचला जातो. एका जिवाणूचा पूर्ण जीनोम प्रथम वाचला गेला १९९५ मध्ये. तो हीमोफिलस इन्फ्लुएंझीचा होता, १८ लाखांहून अधिक अक्षरांचा. आज हे काम रोजचे झाले आहे. त्याची ताकद अमेरिकेत २०१६ ते २०१८ दरम्यान दिसली. १८ राज्यांतील ११८ माणसांना कॅम्पिलोबॅक्टर जेजुनीचा संसर्ग झाला. हगवण, पोटात कळा, ताप अशी लक्षणे होती आणि रुग्णांपैकी २९ जण पाळीव प्राण्यांच्या दुकानांत काम करणारे होते. रुग्णांतले आणि दुकानांतल्या पिल्लांमधले जिवाणू जीनोमवरून एकमेकांचे अगदी जवळचे ठरले. नेहमी दिली जाणारी औषधे त्यांच्यावर चालत नव्हती. मग पिल्लांच्या नोंदी तपासल्या गेल्या. १४९ पिल्लांपैकी १४२ पिल्लांना विकण्यापूर्वी प्रतिजैविके दिली होती, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक पिल्लांना ती केवळ खबरदारी म्हणून दिली होती, कोणताही आजार नसताना.

या प्रसंगात दोष पिल्लांचा नव्हता. त्यांच्या आतड्यांत औषधांना दाद न देणारे जिवाणू माणसांनीच निवडून वाढवले होते. आपल्याकडेही कुत्र्याला जुलाब झाले की घरातल्या डब्यात उरलेली गोळी अर्धी करून देणारे कमी नाहीत. कान वाहतो म्हणून मागच्या वेळचेच औषध दुकानातून आणले जाते. पावसाळ्यात कोकणपट्टीत कुत्र्यांच्या कातडीचे विकार बळावतात, तेव्हा एकामागून एक प्रतिजैविके बदलली जातात. अशा प्रत्येक वेळी औषध न मानणारे जिवाणू मागे उरतात आणि ते त्याच घरात, त्याच सोफ्यावर राहतात. म्हणून दुसऱ्यांदा उलटलेल्या संसर्गात अंदाजाने तिसरे औषध देण्याआधी नमुना तपासला पाहिजे, असा या पुस्तकाचा आग्रह आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे प्रकरण लेप्टोचे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाठोपाठ मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. लेप्टोस्पायरा उंदरांच्या आणि कुत्र्यांच्या मूत्रपिंडांत राहतो, लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून माणसात शिरतो. कुत्रा स्वतः आजारी पडू शकतो, तसाच तो दिसायला बरा असूनही लघवीतून जिवाणू सोडत राहू शकतो. प्रयोगशाळेत लेप्टोस्पायरा फार सावकाश वाढतो, त्यामुळे आजाराच्या पहिल्या आठवड्यात कल्चरचा उपयोग होत नाही. रोगकारक लेप्टोस्पायरांतच आढळणारे लिपएल-३२ हे जनुक रक्तात किंवा लघवीत शोधून निदान करता येते आणि जनुकांच्या वाचनाने जातही ठरवता येते. मात्र लेप्टोस्पायराचे अडीचशेहून अधिक सीरोवार, म्हणजे प्रतिपिंडांच्या चाचणीवरून ठरणारे उपप्रकार, आहेत आणि कुत्र्यांची लस त्यांतल्या मोजक्यांविरुद्ध असते. आपल्या भागात कोणते सीरोवार फिरतात हे कळल्याशिवाय लस किती पुरेशी आहे हे सांगता येत नाही, आणि सीरोवार १६-एसवरून कळत नाही. इथे जुन्या रक्तचाचण्या आणि नवे जनुकवाचन दोन्ही हातात हात घालून वापरावी लागतात.

सिक्वेन्सिंगचा रिपोर्ट हाती आल्यावर तो कसा वाचावा, यासाठी एक पूर्ण प्रकरण दिले आहे. त्यातले सार इथेच सांगतो. डीएनए मेलेल्या जिवाणूचाही सापडतो, त्यामुळे नाव आढळले म्हणजे जिवाणू जिवंत आहे असे नाही. जिवंत असला तरी तो आजाराचे कारण असेलच असेही नाही. निरोगी कुत्र्याच्या तोंडात डझनावारी संशयास्पद नावे निघतील. नमुन्यात जिवाणू फार थोडे असतील तर तपासणीच्या रसायनांत आधीपासून असलेला डीएनएच रिपोर्टमध्ये उमटतो. हे २०१४ मधील एका अभ्यासाने पद्धतशीर दाखवले, आणि म्हणून चांगली प्रयोगशाळा रिकाम्या स्वॅबचीही तपासणी बरोबरीने करते. औषध कोणते चालेल याचा अंदाज प्रतिकाराच्या जनुकांवरून बांधता येतो. पण १६-एसमध्ये ती माहिती नसते. प्राण्याला तपासणाऱ्या पशुवैद्यांच्या डोळ्यांना आणि हातांना पर्याय म्हणून हा रिपोर्ट वापरला तर तो दिशाभूल करील. त्यांच्या निरीक्षणाशेजारी ठेवून वाचला तर तो फार कामाचा आहे.

या सगळ्यात एक गोष्ट मागे पडू नये. प्राण्यांकडून येणारे बहुतेक जिवाणू आपले काही बिघडवत नाहीत. २०१३ मध्ये रॉब नाइट यांच्या गटाने ६० कुटुंबांतील माणसांचे आणि त्यांच्या कुत्र्यांचे जिवाणू १६-एस वाचनाने तपासले. कुत्रा पाळणाऱ्या प्रौढांच्या कातडीवरचे जिवाणू परक्या कुत्र्यांपेक्षा स्वतःच्या कुत्र्याशी अधिक जुळत होते. एका घरात राहणे म्हणजे काय, याचा हा जिवाणूंच्या पातळीवरचा पुरावा आहे. शेजाराने राहणाऱ्या जिवांत अशी देवाणघेवाण होतच राहणार. ती थांबवण्याच्या मागे लागू नये. तिच्यातले मोजके धोके ओळखावेत आणि त्यांच्यापुरता बंदोबस्त करावा.

हे पुस्तक तिघांसाठी लिहिले आहे. पहिले, प्राणी पाळणारे कुटुंब: त्यांनी पहिला आणि शेवटचा भाग आधी वाचावा. दुसरे, तालुक्याच्या गावी काम करणारे पशुवैद्य: नमुना कसा घ्यावा, कशात ठेवावा, किती थंड ठेवून पाठवावा आणि सोबत प्राण्याची कोणती माहिती लिहून द्यावी, हे त्यांच्यासाठी मधल्या भागात तपशिलाने आहे. तिसरे, माणसांचे डॉक्टर: तापाच्या रुग्णाला ‘घरात कोणता प्राणी आहे?’ हा प्रश्न त्यांनी विचारावा म्हणून. विज्ञानाची पार्श्वभूमी गृहीत धरलेली नाही. जिथे तांत्रिक संज्ञा टाळता आली नाही तिथे ती पहिल्यांदा येते त्याच जागी तिचा अर्थ सांगितला आहे.

आपल्याकडे हे काम करण्याची क्षमता आहे. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून परळमध्ये उभे आहे, आणि त्याच परळमध्ये हाफकिन संस्था आणि केईएम रुग्णालय आहे. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राशी जोडलेले राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र जिवाणूंची ओळख आणि जतन ही दोन्ही कामे करते. नागपूरला राज्याचे पशुविज्ञान विद्यापीठ आहे, आणि तिथेच डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, प्राणी आणि परिसर यांचे आरोग्य एकत्र पाहायचे हा तिच्यामागचा विचार. तो विचार प्रत्यक्षात यायचा तर माणसाच्या दवाखान्यातला आणि जनावरांच्या दवाखान्यातला रिपोर्ट एका टेबलावर यायला हवा. जिवाणूचा जीनोम दोन्हीकडे एकाच लिपीत वाचला जातो, त्यामुळे ही तुलना आज पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. उरते ती नोंदी ठेवण्याची आणि त्या एकमेकांना दाखवण्याची शिस्त.

वाचकांकडे माझे मागणे छोटे आहे. घरातल्या कुत्र्याला किंवा मांजराला पुन्हा पुन्हा संसर्ग होत असेल, तर पशुवैद्यांना विचारा: नमुना पाठवला का, जिवाणूचे नाव काय निघाले, कोणते औषध त्याच्यावर चालते? घरातले कुणी तापाने आजारी पडले तर आपल्या डॉक्टरांना घरातल्या प्राण्याविषयी सांगा. लस, पिसवांचा बंदोबस्त, स्वच्छ हात आणि गरज असेल तेव्हाच प्रतिजैविक, एवढे पाळले तर या पुस्तकातील बहुतेक जिवाणूंशी तुमची गाठ पडणार नाही. आणि पडलीच, तर तपासणी करा, नाव विचारा, उपचार पूर्ण करा, आणि तुमच्या भरवशावर राहिलेल्या त्या मुक्या जिवाला घरातच राहू द्या.